मोठ्या दुखापतीतून परतलेला खेळाडू: अपेक्षा किती ठेवायची आणि बघायचं काय

पहिल्या मॅचच्या गुणांवरून काहीही ठरवू नका. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये तेव्हा वॉरियर्स संघाकडून खेळणारा क्ले थॉम्पसन 9 जानेवारी 2022 ला परतला, आपल्याकडे 10 ची सकाळ. आधी डाव्या गुडघ्याचं एसीएल (सांधा घट्ट धरणारा अस्थिबंध) फाटलं, त्यातून सावरताना उजव्या पायाचं अकिलीस (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर). मधे 941 दिवस गेले. आल्या आल्या 20 मिनिटांत 17 गुण आणि डिफेंडरांच्या गर्दीतून एक डंक (उडी मारून बॉल थेट बास्केटमध्ये आपटणं). आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचा नुसता नाचत होता. मी बॉक्सस्कोअर (मॅचची आकडेवारी) उघडला: 18 पैकी 7च शॉट आत गेलेले. ‘आत्या, तू ना मूड घालवतेस,’ असं ऐकून घेतलं.

त्या हंगामात तो 32 मॅच खेळला, सरासरी 20.4. म्हणजे गुण आले. पण थ्रीची (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची) टक्केवारी 38.5, आणि त्याआधीच्या आठही हंगामांत ती कधी चाळीसच्या खाली गेली नव्हती. तरी जूनमध्ये वॉरियर्स चॅम्पियन झालेच. गुण लवकर परततात, पाय उशिरा. अपेक्षा या हिशेबाने ठेवा.

मग बघायचं काय? पाच-सहा मिनिटं बॉल सोडा आणि फक्त परतलेल्या खेळाडूच्या पायांकडे बघा. दुखापत झालेल्या पायावर जोर देऊन तो उडतो का? उतरताना सगळा भार दुसऱ्या पायावर टाकतो का? सर्वांत जास्त कळतं ते डिफेन्समध्ये. बॉल स्वतःच्या हातात असला की वेग आपण ठरवतो; समोरचा झपकन डावीकडे वळला की मात्र लपवाछपवी चालत नाही. तिथे तो अर्धं पाऊल मागे पडत असेल, तर अजून वेळ आहे. दुसरी खूण चौथ्या क्वार्टरमध्ये दिसते: शॉट सरळ जातोय, पण बास्केटच्या रिमच्या पुढच्या कडेला आपटतोय. अशा वेळी हात ठीक असतो, पाय दमलेले असतात.

त्याला मोजकीच मिनिटं खेळवतात म्हणून कोचला शिव्या घालू नका. लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एका रात्री त्याला बसवणं हेही ठरलेलंच असतं.

वय आणि खेळण्याची तऱ्हा दोन्ही जमेस धरा. कोबी ब्रायंटचं अकिलीस एप्रिल 2013 मध्ये तुटलं, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. आठ महिन्यांत परतला, सहा मॅच खेळला आणि त्याच पायाच्या गुडघ्याजवळचं हाड मोडलं. घाईमुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण मला ते अजून खटकतं. केविन ड्युरँटने उलट दीड वर्ष घेतलं. 2020-21 च्या 72 पैकी 35 मॅच खेळला, पण सरासरी 26.9! सात फुटांच्या आसपासची उंची आणि वरून सोडलेला जंप शॉट, त्याला स्फोटक उडीची गरजच कमी. डेरिक रोझचा सगळा खेळच वेगावर उभा होता. डाव्या गुडघ्याच्या एसीएलनंतर तो 2013 मध्ये परतला, आणि दहा मॅचनंतर उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) फाटला.

हेच टायरीस हॅलिबर्टनला लावून बघा. जून 2025 मध्ये फायनल्सच्या सातव्या मॅचमध्ये त्याचं उजवं अकिलीस गेलं आणि पुढचा अख्खा हंगाम तो खेळणार नाही, हे त्याच्या इंडियाना संघाने जुलैतच सांगून टाकलं. शहाणपणाचा निर्णय. परतल्यावर त्याचे पास आणि लांबचे थ्री लगेच दिसावेत. एकट्याने मुसंडी मारणं नंतर, डिफेन्स सगळ्यात शेवटी. फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंमधून आळीपाळीने आपला कागदी संघ निवडायचा खेळ) परतीच्या वर्षी अशा खेळाडूला पहिल्या फेरीत उचलू नका, चौथ्या-पाचव्या फेरीत मिळाला तर घ्या.

आणि परतल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामाच्या जानेवारीतही मॅच अटीतटीची असताना त्याला बाकावर बसवत असतील, तर मग खुशाल कुरकुर करा.