लाइफबोटीत अंगातलं पाणी जपा, या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मर्चंट नेव्हीत जाणारी बरीच पोरं पट्टीची पोहणारी असतात. विहिरीत, नाहीतर मलप्रभेत शिकलेली. त्यामुळे सर्व्हायव्हलच्या कोर्सला बसताना वाटतं, आपल्याला कसली भीती! पण जहाज सोडून लाइफबोटीत बसायची वेळ आली, तर पोहण्यापेक्षा अंगातलं पाणी किती राखता येतं यावर सगळं ठरतं. बहुतेक चुका तिथेच होतात.

चोर्ला घाटात कधी गाडी लागली नाही म्हणून बोटही लागणार नाही, असं धरून चालू नका. बंद लाइफबोटीतल्या उकाड्यात मुरलेले खलाशीही ओकतात. बोटीत शिरताक्षणीच गोळी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही आणि प्रत्येक उलटीबरोबर पाणी जातं.

पिण्याच्या पाण्याबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. नियमाप्रमाणे लाइफबोटीत माणशी 3 लिटर पाणी असतं. पहिले 24 तास ते कुणाला देऊ नका. शरीरात तेव्हा पुरेसं पाणी असतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. जखमी, भाजलेले यांना मात्र लगेच द्या. त्यानंतर दिवसाला अर्धा लिटर, तीन वेळा विभागून. मग ते प्यायचंच, "उद्यासाठी ठेवतो" म्हणून अंगावर काढायचं नाही. 1970 साली अपोलो 13 च्या अंतराळवीरांनी दोघांसाठी बनवलेलं, चंद्रावर उतरायचं छोटं यान लाइफबोटीसारखं वापरलं. तिघंही दिवसाला 200 मिलीलिटरपेक्षा कमी पाण्यावर राहिले. सगळे सुखरूप परतले, पण फ्रेड हेझ यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता.

समुद्राचं पाणी एक घोटही नको, गोड्या पाण्यात मिसळूनही नको. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. एवढं दाट मीठ मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही, मग ते शरीरातलंच पाणी ओढून घेतं. पाऊस आला तर पहिलं खारट पाणी वाहून जाऊ द्या, नंतरचं साठवा. पाणी संपलं असेल तर खाणंही थांबवा. मासे तर नकोतच, ते पचायला पाणी जास्त लागतं.

उन्हात कामं काढू नका. कपडे समुद्राच्या पाण्यात भिजवून अंगावर ठेवले की घाम वाचतो. संध्याकाळपूर्वी ते सुकू द्या, रात्री थंडी वाजते. किनारा गाठायच्या घाईत इंजिन चालवून डिझेल संपवू नका. सी-अँकर (बोट वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात सोडायची कापडी पिशवी) टाकून अपघाताच्या जागेजवळच राहा, शोध तिथूनच सुरू होतो. ईपर्ब, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संदेश देणारं यंत्र, एकदा चालू केला की बॅटरी वाचवायला बंद करू नका. ती किमान 48 तास टिकेल अशीच असते.

फ्लेअरची, म्हणजे मदतीसाठी पेटवायच्या प्रकाशनळीची, घाई तर फार महागात पडते. पॅराशूट रॉकेट जेमतेम 40 सेकंद जळतं. जहाज दिसल्याशिवाय किंवा विमानाचा आवाज आल्याशिवाय उडवू नका. दिवसा नारिंगी धूर आणि आरसा. हँडफ्लेअर वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, बोटीबाहेर धरा, नाहीतर निखारे आत पडतात.

जहाज जवळ आलं की सगळे उठून एकाच बाजूला धावतात. तसं करू नका. पट्टे बांधून बसून राहा आणि जहाजावरच्यांनी हाक दिली की एकेकाने सुटा.