बागेतल्या तळ्याकाठी पेवा कसा लावावा

आषाढ-श्रावणात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर, ओढ्यांच्या कडेला पांढरीशुभ्र, चुरगळलेल्या तलम कागदासारखी फुलं दिसतात, तोच पेवा. पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाभोवती चढत जातात आणि टोकाच्या लालसर कणसातून रोज एखाद-दुसरं फूल उमलतं. फूल एका दिवसाचंच, पण कणीस कितीतरी दिवस फुलत राहतं. आपल्या मातीतलं इतकं देखणं झाड तळ्याकाठी असायलाच हवं.

कंद रानातून उपटून आणू नका. कुणाच्या वाडीतला गड्डा मागा किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा. पेव्याच्या नावाखाली पुष्कळदा ‘इन्सुलिन प्लांट’ हातात ठेवतात. त्याला नारिंगी फुलं येतात आणि तो मूळचा ब्राझीलचा. फुलं नसतील तर पान उलटून बोट फिरवा: पेव्याची पानं मागून मखमली लागतात.

आता जागा. इथेच बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. तळ्यापासून वीतभरावर लावलेले माझे कंद ऑक्टोबरच्या उन्हात सुकू लागले, कारण तळ्याला प्लास्टिकचं अस्तर होतं. पाणी आत अडलेलं आणि बाहेरची माती कोरडी ठाक! म्हणून अशा तळ्याशेजारी ओलाव्याची वेगळी सोय करावी लागते. साधारण दीड फूट खोल खड्डा खणा, तळाशी जुनं प्लास्टिक अंथरा आणि त्याला चार-सहा भोकं पाडा. भोकं विसरू नका. पेव्याला ओल आवडते, पण पावसात पाणी साचून राहिलं तर कंद कुजतो. खड्ड्यात माती आणि कुजलेला पालापाचोळा निम्मा-निम्मा भरा. काळी चिकट माती असेल तर वाळूही मिसळा. जागा सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी निवडा.

वळवाचा पाऊस झाला की लावणी करा. गड्ड्याचे दोन-तीन डोळे असलेले तुकडे करा, कापलेल्या जागी राख लावा आणि ते दोन इंच खोल, दीड-दोन फुटांच्या अंतराने आडवे पुरा. झाड माणसाच्या उंचीचं होतं, त्यामुळे तळ्याच्या मागच्या बाजूला लावलेलं बरं. कोवळे कोंब गोगलगायी खातात, म्हणून रात्री बॅटरी घेऊन त्या वेचून काढा.

पाऊस संपला की दर दोन-तीन दिवसांनी पाणी द्या. हिवाळ्यात पानं पिवळी पडून खोडं वाळतात. झाड मेलं असं समजून ते उपटू नका. वाळलेली खोडं कापा, जागेवर खुणेची काठी रोवा आणि माती जेमतेम ओलसर ठेवा. मे-जूनमध्ये लालसर कोंब पुन्हा वर येतात. तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला की त्याच सुमारास खणून त्याचे तुकडे वेगळे करा.