अथेन्स-रोमच्या लोकशाहीवर उत्तर लिहिताय? मग या चुका टाळा

या विषयावरची उत्तरं मी बरीच वर्षं तपासतेय, पोरं मेहनत खूप घेतात, सनावळ्या तोंडपाठ असतात, पण पायाच चुकतो आणि मार्क जातात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोकशाही म्हटलं की निवडणूक, हे आपलं चित्र उचलून तसंच अथेन्सवर चिकटवणं. अथेन्समध्ये बहुतेक पदं मतदानाने नाही तर सोडतीने भरायचे, आपल्याकडे घरांची सोडत निघते ना तशी. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिस या अथेन्सच्या नेत्याने नागरिकांचे दहा नवे गट पाडले, प्रत्येक गटात शहरातले, किनाऱ्यावरचे आणि आतल्या भागातले असे तिन्हीकडचे लोक मिसळले, आणि प्रत्येक गटातून ५० असे ५०० जण परिषदेत बसायचे, तेही एकच वर्ष. नंतरच्या काळात सोडतीसाठी दगडी यंत्रच होतं, क्लेरोटेरियन. उभ्या शिळेवर बारीक खाचांच्या ओळी, प्रत्येक खाचेत एकेकाच्या नावाची पट्टी खोचायची आणि बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या सोडायच्या, पांढरी आली की ती आख्खी ओळ कामावर, काळी आली की आख्खी ओळ घरी. असलं यंत्र बनवणाऱ्या लोकांना वशिला किती खुपत असेल बघा! अॅरिस्टॉटलने तर सोडत ही लोकशाहीची पद्धत आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची, असं मानलं जातं हे नोंदवून ठेवलंय. एवढा एक मुद्दा नीट मांडलात तरी उत्तर उठून दिसतं.

मग पेरिक्लिस कोण? पोरं त्याला राष्ट्राध्यक्ष नाहीतर पंतप्रधान करून टाकतात. तो अथेन्सच्या दहा सेनापतींपैकी एक होता, लढाईचं काम नशिबावर सोडता येत नाही म्हणून सेनापती तेवढे मत देऊन निवडायचे, आणि तो वर्षानुवर्षं निवडून येत राहिला.

'सगळ्या लोकांचं राज्य' असंही लिहू नका. बायका, गुलाम, बाहेरून येऊन राहिलेले लोक यांना मत नव्हतं, आणि इ.स.पू. ४५१ पासून तर आई-बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिक.

हद्दपारीची पद्धत, म्हणजे ऑस्ट्राकिझम, ही गुन्ह्याची शिक्षा नव्हती. खापराच्या तुकड्यावर नाव खरडायचं, ज्याचं नाव सगळ्यात जास्त खापरांवर येईल त्याने दहा वर्षं शहराबाहेर राहायचं, मालमत्ता मात्र त्याचीच राहायची. अथेन्समधल्या अॅक्रोपोलिस टेकडीच्या उताराजवळच्या एका विहिरीत सुमारे १९० खापरं सापडली, सगळ्यांवर थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या पुढाऱ्याचं नाव आणि अक्षर मोजक्याच हातांचं, म्हणजे कुणीतरी वाटायला आधीच लिहून ठेवली असणार! हे उदाहरण जरूर वापरा.

आता रोम. अथेन्स आणि रोम एकाच वाक्यात 'लोकशाही' म्हणून गुंडाळू नका. इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलल्याची जी परंपरा सांगतात, तिथून सुरू झालं ते प्रजासत्ताक, पण मताचं वजन सारखं नव्हतं. मत माणसागणिक नाही तर गटागणिक मोजायचे. रोमन इतिहासकार लिव्हीने दिलेल्या जुन्या रचनेत एकूण १९३ गट, त्यातले १८ घोडेस्वारांचे आणि ८० पहिल्या श्रीमंत वर्गाचे, बेरीज ९८, निम्म्याहून जास्त, म्हणजे वरच्यांचं एकमत झालं की निकाल लागला, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा सगळ्यांचा मिळून एकच गट, त्यांची पाळी यायच्या आतच मतदान संपायचं. ही बेरीज उत्तरात करून दाखवा.

आणि ज्युलियस सीझर सम्राट नव्हता, तो इ.स.पू. ४४ मध्ये तहहयात डिक्टेटर (सगळे अधिकार एकाच्या हाती देणारं रोमन पद) झाला. पहिला सम्राट ऑगस्टस, इ.स.पू. २७ पासून.

शेवटची अडचण सनांची. क्लेइस्थेनिसच्या सुधारणांचं साल एका पुस्तकात ५०८ आणि दुसऱ्यात ५०७ दिसलं तर घाबरू नका, अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात सुरू व्हायचं त्यामुळे ते आपल्या दोन वर्षांत विभागलं जातं. काळ मोजताना शून्य साल नाही हे लक्षात ठेवा आणि बेरजेतून एक वजा करा, ५०८ अधिक १९९३ वजा १, म्हणजे त्या सुधारणांना २५०० वर्षं १९९३ मध्ये पूर्ण झाली, १९९२ मध्ये नाही.