संत्र्याच्या दिवसांत घरच्या घरी एक दिवसाचा रसाचा उपास

संत्र्याच्या आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या पिकाचा, तोडा सुरू झाला की अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडे घरोघरी चुरी, म्हणजे बारीक संत्री, येऊन पडते. मोठा माल व्यापारी भरून नेतो, बारीक फळ घरच्यांच्या वाट्याला. नेमकी तेव्हाच लग्नं निघालेली असतात. पंगतीवर पंगत, वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग, वरून बुंदी. चार-पाच जेवणं झाली की पोट दगडासारखं होतं. अशा वेळी मी एक दिवस नुसत्या रसावर काढतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. रसानं शरीर आतून धुऊन निघतं असं जे म्हणतात, त्यात दम नाही. रक्तातला कचरा काढायचं काम लिव्हर आणि किडनी बारा महिने करतात; रस प्यायल्यानं त्या काही जास्त जोरात चालत नाहीत. काट्यावर किलोभर वजन उतरलेलं दिसतं, पण ते बहुतेक पाणीच असतं आणि जेवण सुरू झालं की परत चढतं. मिळते ती तेला-तिखटाला एक दिवसाची सुट्टी. मला तेवढी पुरते. तीन-तीन, सात-सात दिवस रसावर राहायच्या भानगडीत पडू नका. रसात प्रोटीन नावापुरतं असतं, अंगात ताकद राहत नाही.

हा उपास सगळ्यांसाठी नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी शुगर एकदम खाली येते आणि रसानं एकदम वर जाते, दोन्हीकडून मरण. किडनीचा त्रास असलेल्यांना रसातलं पोटॅशियम झेपत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान पोरं, अशक्त म्हातारी माणसं यांनी करू नये. आणि आपल्याकडे, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या बाजूला, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. सिकलसेलच्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की हाडं-सांधे असह्य दुखायला लागतात, भरती करावं लागतं. घरात कोणाला सिकलसेल असेल तर त्याला या खेळात ओढू नका.

फवारणीचंही सांगतो. कपाशीवर फवारून आल्यावर 'औषध अंगात गेलं असेल, रस पिऊन काढतो' असं म्हणणारे मी पाहिले आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे विसरू नका. मळमळ, डोळ्यापुढं अंधारी, तोंडाला फेस असलं काही दिसलं की कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

दिवस थंडीतला निवडा, वावरात कामाचा नसलेला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना उपाशी राहणं म्हणजे ऊन लागायला आमंत्रण. आदल्या रात्री वरण-भात किंवा खिचडी खाऊन लवकर झोपा. चहाची सवय असेल तर दोन दिवस आधीपासून कप कमी करत आणा, नाहीतर दुपारपर्यंत डोकं ठणकतं आणि दोष रसाला लागतो. नाहीच राहवलं तर सकाळी अर्धा कप घ्या, काही बिघडत नाही.

दिवसभरात दोनशे मिलीचे पाच-सहा ग्लास रस, दर अडीच-तीन तासांनी एक, आणि मध्ये साधं पाणी भरपूर. सगळे ग्लास संत्र्याचे नकोत. एका ग्लासात जवळपास चार चहाचे चमचे साखर असते, फळातली असली तरी साखरच. दोन ग्लास संत्र्याचे, दोन गाजर-बीट-आवळ्याचे, एक टमाटर-सांबाराचा (म्हणजे कोथिंबिरीचा), आणि दुपारी चिमूटभर मीठ घातलेलं लिंबूपाणी. वरून साखर घालायची नाही.

संत्र्याच्या रसाला चुरी उत्तम. ग्लासाला चार-पाच फळं लागतात. सालासकट धुऊन घ्या, मग सोला, फोडीवरचे पांढरे धागे काढा आणि बिया आठवणीनं काढा. मिक्सरमध्ये बी चिरडली की रस कडू झालाच म्हणून समजा. लाईन नसेल तर फोडी फडक्यात घालून हातानं पिळा. उलट तोच रस जास्त गोड लागतो. काढला की लगेच प्या. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की आपोआप कडवट होत जातो, तेव्हा सकाळीच दिवसाचा रस काढून ठेवायची आयडिया सोडा. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट रस ठेवू नका, स्टील किंवा काच बरी.

बीट घालणार असाल तर आधीच घरात सांगून ठेवा. पहिल्या खेपेला मी सांगितलं नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे संडासातून बाहेर आलो तो पांढराफटक. आमच्या शेजारचे काकाजी म्हणाले, "रक्त पडून राहिलं का काय बाप्पा?" गाडी काढायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बायकोनं विचारलं, "अहो, काल बीट किती प्यायलात?" लाल रंग बीटाचाच होता.

आता लवकीचं, म्हणजे दुधी भोपळ्याचं. पुष्कळ जण तिचा रस काढतात. काढायच्या आधी कच्ची चकती कापून जिभेच्या टोकाला लावायची. जरा जरी कडू लागली तर थुंका आणि अख्खी लवकी उकिरड्यावर टाका. आवळा, लिंबू, पुदिना घालून कडूपणा झाकला जातो, विष तिथंच राहतं. कडू लवकीच्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत. 'कडू ते औषध' ही म्हण इथं चालत नाही.

दुपारी थोडं गळून गेल्यासारखं वाटतं, ते चालेल, पडून राहा. पण घाम फुटला, हात थरथरले, उभं राहताच चक्कर आली तर उपास तिथंच मोडा. गुळाचा खडा खा, मग पोळी. हट्ट करायला ही एकादशी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी एक अख्खं संत्र फोडी चावून खा. रसात गाळला गेलेला चोथा त्यात असतो. तासाभरानं मुगाची पातळ खिचडी आणि ताक, संध्याकाळी भाकरी-भाजी. उपास सोडायला थेट सावजीच्या हॉटेलात जाऊन बसणारे आमच्यात आहेत. रात्री त्यांचं काय होतं ते त्यांनाच विचारा. आणि गाजराचा चोथा फेकू नका. कणकेत घालून ओवा-मिठाचे पराठे लाटले तर पोरं बिनबोभाट खातात.