टायमिंग बेल्ट बदलायला गाडी देण्याआधीची तयारी

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) एका ताळात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. काही इंजिनांत त्याऐवजी चेन असते. म्हणून सगळ्यात आधी तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, हे पक्कं करा. गाडीच्या नावावरून ते कळत नाही, इंजिन पाहावं लागतं. आय टेनच्या १.१ पेट्रोलला बेल्ट, तर त्याच गाडीच्या १.२ पेट्रोलला चेन. जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलला बेल्ट, क्रिस्टाच्या २.४ डिझेलला चेन. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आणि अल्टो ८०० ला बेल्ट. डस्टर डिझेल, पोलो-व्हेंटो-रॅपिडची डिझेल इंजिनं आणि सँट्रो झिंग ही सगळी बेल्टवाली. मॅन्युअलमध्ये देखभालीचा तक्ता असतो. त्यात टायमिंग बेल्टची ओळ शोधा आणि समोरचे दोन्ही आकडे लिहून घ्या, किलोमीटरचा आणि वर्षांचा.

वर्षांचाच आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आपल्याकडच्या बेल्टवाल्या गाड्यांची मर्यादा इंजिनाप्रमाणे साधारण ६०,००० पासून दीड लाख किलोमीटरपर्यंत असते आणि तिच्याबरोबर वर्षांची अट येते. दोन्हींतलं जे आधी भरेल ते धरायचं. आठ वर्षांत ३५,००० किलोमीटर फिरलेली गाडी ‘कमी चाललेली’ असली तरी बेल्टचं रबर उन्हात आणि इंजिनाच्या धगीत आठ वर्षं भाजलेलं असतं. शहरातल्या गाडीचा आणखी एक हिशेब करून बघा. ताशी सरासरी २० किलोमीटरने रोज ट्रॅफिकमध्ये रांगणारी गाडी ६०,००० किलोमीटरला ३,००० तास चालते. तेवढंच अंतर हायवेला ताशी ६० ने कापलं तर १,००० तास. मीटर दोघींचा सारखाच, पण पहिलीचा बेल्ट तिप्पट वेळ फिरलेला. म्हणून अशा गाडीचा बेल्ट छापील मर्यादेच्या वीसेक टक्के आधीच बदलावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल मिळालं नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजून पहिलं काम हेच करा. ‘आत्ताच टाकलाय’ हे तोंडी सांगणं धरू नका.

बेल्ट बघून निर्णय घ्यायचा मोहही टाळा. बाहेरून काळाभोर, धड दिसणारा बेल्ट आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत थकलेला असू शकतो आणि तुटण्याआधी तो आवाज करेलच असं नाही. भेगा पडलेल्या, दात झिजलेले किंवा कडेचे धागे सुटलेले दिसले, तर मात्र किलोमीटर न मोजता बदला. बेल्टवर तेल दिसलं तरी तेच, कारण तेलाने रबर फुगतं आणि दात सैल होतात. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, क्रँक फिरत राहतो आणि बहुतेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवणं, व्हॉल्व्ह आणि गाइड बदलणं, कधी पिस्टनसुद्धा. चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर, जोर न लागता फिरतोय असं वाटलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेल्याची ती खूण आहे. गाडी टो करून न्या.

आता सामानाचं. नुसता बेल्ट कधीच आणू नका, पूर्ण किट आणा: बेल्ट, टेन्शनर (बेल्टचा ताण राखणारी पुली), आणि असतील तेवढी आयडलर बेअरिंग (बेल्टला वाट दाखवणारी चाकं). जुनं बेअरिंग नव्या बेल्टखाली जाम झालं तर नवा बेल्टही काही किलोमीटरांत जातो. डस्टर डिझेल आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या डिझेलमध्ये वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तेव्हा पंप त्याच वेळी बदला. नाहीतर वर्षभराने पंप गळू लागला की हीच सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते, शिवाय गळणारं कूलंट नव्या बेल्टवर पडतं. जुन्या इनोव्हात पंप या बेल्टवर नाही, म्हणून तिथे तो आग्रह नको. क्रँक आणि कॅमचे ऑइल सील पुली उतरवल्यावर हाताशी येतात. ओल दिसली तर तिथेच बदलून घ्या. क्रँक पुलीचा बोल्ट ज्या इंजिनात ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळून वर आणखी ठरावीक अंश फिरवतात, तिथे तो एकदा आवळला की ताणला जातो. नवीनच हवा. बाहेरचा फॅन बेल्ट काढावाच लागतो, जुना असेल तर तोही यादीत धरा. पंप निघणार असेल तर कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट पूर्ण भरेल इतकं घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरही हवं. बोअरचं पाणी घालू नका, क्षार आत जमतात. किट चॅसिस नंबर देऊन मागा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत दातांची संख्या बदललेली असू शकते. दुकानात हातात घेतलेला बेल्ट घडी घालून, पिळून किंवा उलटा वाकवून पाहू नका. आतले काचतंतू तिथेच मोडतात.

मुद्दाम तेलातच फिरायला बनवलेला बेल्ट असेल, उदाहरणार्थ फोर्ड इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये, तर तेलाचा ग्रेड सर्वांत महत्त्वाचा. चुकीच्या तेलाने बेल्टचं रबर सुटतं, त्याचा चुरा तेलपंपाच्या जाळीत अडकतो आणि तेलाचा दाब पडतो.

गाडी ठेवण्याआधी मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा: या इंजिनाच्या लॉक पिन (क्रँक-कॅम जागेवर धरणाऱ्या) आहेत का, आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आहे का. खडूच्या किंवा व्हाइटनरच्या खुणांवर जुळवणी काही जुन्या इंजिनांत निभावते. डस्टरच्या डिझेलला ती पुरत नाही, तिथे क्रँक आणि कॅम दोन्ही पिनने धरून ठेवावे लागतात. एक दात जरी सरकला तरी गाडी सुरू होते, पण पिकअप जातो, धूर येतो, इंजिन लाइट लागते. इंजिन थंड असतानाच काम करायचं, म्हणून गाडी आदल्या रात्री देऊन ठेवा. एका बाजूचं माउंट (इंजिनाचा आधार) काढावं लागलं तर इंजिनाखाली जॅक आणि मध्ये लाकडी फळी हवी, नुसता जॅक ऑइल पॅन चेपतो.

बेल्ट बसल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक पान्याने, हाताने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळताना बघायच्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो म्हणून दोन. मध्येच कडक अडलं तर जोर लावायचा नाही, पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो, सगळं उलगडून परत जुळवायचं. टेन्शनरचा काटाही या फेऱ्यांनंतरच तपासायचा. हा टप्पा तुमच्यासमोर करून घ्या, दहा मिनिटंही लागत नाहीत.

जुने भाग परत मागून घ्या आणि बिलावर किटचा पार्ट नंबर, तारीख व किलोमीटर लिहून घ्या. तेच आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकरवरही लिहा. जुन्या इनोव्हात डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा (टायमिंग बेल्टचा) दिवा अंतर मोजून लागतो, बेल्टची अवस्था त्याला कळत नाही आणि वर्षंही कळत नाहीत. बेल्ट बदलल्यावर तो रीसेट करून घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या वेळी त्याचा हिशेब चुकतो. कूलंट काढलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, टाकीची पातळी पाहा. आत अडकलेली हवा निघाली की ती बऱ्याचदा खाली आलेली असते.