पाँडिचेरी १९५४ की १९६२? तारखांचा घोळ सातबाऱ्याने सोडवा

धुळ्यात आमच्या अभ्यासिकेत बाजूला बसणारा मित्र परवा वैतागला, "हाई बठ्ठं कसं ध्यानमा ठेवानं रे भो?" फ्रेंचांची पाँडिचेरी भारतात कधी आली, तर एका पुस्तकात १९५४ आणि दुसऱ्यात १९६२. दोन्ही बरोबर आहेत. त्याला जे सांगितलं तेच इथं टाकतो.

वहीत प्रत्येक ठिकाणापुढं दोन रकाने पाडा, ताबा आणि सातबारा. शेत कसतो एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याकडं पोरंसोरंही जाणतात. पाँडिचेरीचा ताबा १ नोव्हेंबर १९५४ ला आला, त्याआधी पाँडिचेरीतल्याच किळूर गावात १७८ पैकी १७० प्रतिनिधींनी विलीनीकरणाला हो म्हटलेलं, पण फ्रान्सने सातबारा केला १६ ऑगस्ट १९६२ ला. चंदननगर (बंगालमधली फ्रेंच वसाहत): १९४९ ला मतदान, ताबा १९५०, सातबारा १९५२. गोव्याचा ताबा लष्कराने १९ डिसेंबर १९६१ ला घेतला, पोर्तुगालने मात्र लिस्बनमधली राजवट उलथल्यावर, १९७४ च्या शेवटी करार करून ते मान्य केलं.

सगळ्यात भारी केस दादरा नगर हवेलीची. आपल्या भुसावळ-सुरत लाईनने जाऊन पुढं वापी गाठलं की तिथलं मुख्य गाव सिल्वासा जवळच, म्हणून मला जरा जास्तच आवडते. १९५४ ला स्वयंसेवकांनी पोर्तुगालकडून ताबा घेतला, पोर्तुगाल पुढच्या वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेला की आम्हाला तिथं जायला रस्ता द्या (बांधावरचीच भांडणं ही!), १९६० ला निकाल लागला तरी रस्ता काही मिळाला नाही, आणि भारतात विलीन झालं ११ ऑगस्ट १९६१ ला.

चीनकडच्या ठिकाणांना तिसरा रकाना लागतो, दुसऱ्या महायुद्धात जपान घुसला का? हाँगकाँग १९४१ च्या नाताळात पडलं, १९४५ ला ब्रिटिश परत येऊन बसले. दक्षिण चीनमधलं ग्वांगझोवान फ्रान्सकडं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने होतं, १९४३ ला जपानने घेतलं, आणि ऑगस्ट १९४५ ला फ्रान्सने सही करून चीनला देऊन टाकलं. पोर्तुगाल तटस्थ म्हणून मकाववर जपानने कब्जाच केला नाही, ते थेट १९९९ पर्यंत पोर्तुगालकडं टिकलं. हाँगकाँगचं १९९७ कुठून आलं? न्यू टेरिटरीजचा भाडेपट्टा १८९८ पासून ९९ वर्षांचा, हाँगकाँग बेट मात्र ब्रिटिशांनी कायमचं लिहून घेतलेलं, इथं लई जण फसतात.

मित्राने लगेच विचारलं, मग १९५४ ते ६१ दादरा नगर हवेलीचा उतारा कोणाच्या नावावर? म्हटलं, पोर्तुगालच्या, आणि कसत होती तिथली वरिष्ठ पंचायत.