न्यूमन प्रोजेक्शन काढताना नक्की काय करायचं

न्यूमन प्रोजेक्शन म्हणजे दोन कार्बनमधल्या बॉन्डच्या रेषेत बघितल्यावर रेणू कसा दिसतो त्याचं चित्र, त्यात मागचा कार्बन गोलाने दाखवतात. बरेच जण आधी गोल काढून मोकळे होतात आणि मग कुठला ग्रुप कुठे लावायचा ते शोधत बसतात. पेन टेकवायच्या आधी दोनच गोष्टी ठरवा, कुठल्या बॉन्डमधून बघायचंय आणि कुठल्या बाजूने. बाकी सगळं त्यावरच आहे.

2-मिथाइलब्युटेन घेऊ: सी-1 ते सी-4 अशी चार कार्बनची साखळी आणि सी-2 वर एक जास्तीचा मिथाइल (CH3). सी-2 आणि सी-3 मधला बॉन्ड, बघायचं डावीकडून, म्हणजे सी-2 पुढे आणि सी-3 मागे. आता बाजूला लिहून काढा: पुढच्यावर दोन मिथाइल, एक हायड्रोजन, मागच्यावर एक मिथाइल, दोन हायड्रोजन. दोघांवर तीन-तीनच, कारण चौथा बॉन्ड म्हणजे आपण ज्यातून बघतोय तोच. चार निघाले तर बॉन्डच्या दुसऱ्या टोकाचा कार्बनच तुम्ही ग्रुप म्हणून मोजलाय, हे फार कॉमन आहे.

मग गोल. पुढच्या कार्बनच्या तीन रेघा मध्यबिंदूत मिळतात, मागच्याच्या रेघा गोलाच्या कडेपासून बाहेर जातात, आत शिरत नाहीत. आत ओढल्या की पुढचं कुठलं नि मागचं कुठलं काही कळत नाही.

खरी गडबड होते ती झिगझॅगवरून, म्हणजे साखळी नागमोडी रेघेने काढलेल्या चित्रावरून येताना. डावीकडून बघताय तर वेज (कागदातून आपल्याकडे येणारा बॉन्ड) उजवीकडे येतो आणि डॅश (कागदाच्या मागे जाणारा) डावीकडे, उजवीकडून बघितलं की बरोब्बर उलटं. आपल्या झिगझॅगमध्ये सी-2 खालच्या टोकाला आहे आणि त्याच्यावरचा जास्तीचा मिथाइल वेजवर आहे असं धरा. सी-1 वर जातोय, म्हणून घड्याळाच्या 12 वर मिथाइल, वेजवाला मिथाइल 4 वर, हायड्रोजन 8 वर. सी-3 वरच्या टोकाला, त्याचा मिथाइल म्हणजे सी-4 खाली जातोय, तो 6 वर, आणि दोन्ही हायड्रोजन 2 आणि 10 वर. झालं, हे स्टॅगर्ड, म्हणजे मागचे ग्रुप पुढच्यांच्या मधल्या फटींत.

आता फिरवायचं असेल तर पुढचा कार्बन अजिबात हलवायचा नाही, फक्त मागचे तिन्ही ग्रुप एकत्र 60 अंशांनी सरकवायचे. 60 ला इक्लिप्स्ड, 120 ला परत स्टॅगर्ड. इक्लिप्स्डमध्ये मागच्या रेघा खऱ्या तर पुढच्यांच्या मागे लपतात, पण दिसाव्यात म्हणून थोड्या तिरक्या काढतात. फिरवताना ग्रुपचा क्रम तोच राहिला पाहिजे, दोघांची अदलाबदल करायची नाही. या रेणूत कायरल कार्बन (चार वेगवेगळे ग्रुप असलेला) नाही म्हणून ते खपून जाईल, पण कायरल असला तर तुम्ही आर चा एस करून ठेवलेला असतो, म्हणजे त्या कार्बनची मांडणीच उलटी.

एनर्जी विचारली तर आधी गॉश मोजा, म्हणजे पुढचा आणि मागचा मिथाइल एकमेकांपासून 60 अंशांवर असलेल्या जोड्या. आपल्या चित्रात 6 वरचा मिथाइल 12 वाल्याला अँटी (180 अंशांवर) आहे आणि 4 वाल्याला गॉश, म्हणजे एकच गॉश. तोच 2 वर नेला की दोन्ही मिथाइलच्या मधोमध अडकतो, दोन गॉश, तो स्टॅगर्डमधला सगळ्यात वाईट. 10 वर नेला तर पुन्हा एकच. अंदाजासाठी आकडे: ब्युटेनमध्ये गॉश हा अँटीपेक्षा साधारण 3.8 किलोज्यूल प्रति मोल वर असतो आणि इथेनचा इक्लिप्स्ड स्टॅगर्डपेक्षा सुमारे 12 ने.

ही सवय ई-2 रिअॅक्शनला लगेच कामी येते, तिथे हायड्रोजन आणि लीव्हिंग ग्रुप (निघून जाणारा ग्रुप) एकदम निघून डबल बॉन्डवाला अल्कीन तयार होतो, आणि त्यासाठी ते दोघे समोरासमोर 180 अंशांवर आणायचे असतात. पुढच्या कार्बनवरचा हायड्रोजन 12 वर असला तर मागचा कार्बन फिरवत राहा, लीव्हिंग ग्रुप 6 वर आला की थांबा, मग उरलेल्यांत डावीकडचे दोन ग्रुप अल्कीनच्या एका बाजूला, उजवीकडचे दोन दुसऱ्या.